चिखल्याच्या अंगणातलं माझं दुकान

माझ्या गाळ्याच्या मालकाने मला फसवलं. मी तलासरीला दुकान मांडून बसलेलो असताना त्याने ते फोनमधल्या नकाशावर चिखल्याला, आपल्या घराच्या अंगणात नेऊन ठेवलं आणि माझं नाव वाचून आलेल्या माणसांना कच्चे चिकू विकले.

लोक मला म्हणतात, जाऊ दे, म्हातारा माणूस, विक्षिप्त आहे. विक्षिप्त आहे हे मला मान्य आहे. मी त्याचा भाडेकरू होतो, त्याचा विक्षिप्तपणा मी लोकांपेक्षा जास्त जवळून पाहिला आहे. पण ज्या विक्षिप्तपणातून रविवारच्या रविवार गल्ला भरतो, त्याला मी दुसरं नाव देतो.

तो इथल्याच एका बसस्टँडवर कंट्रोलर होता. तोंडावर आम्ही सगळे त्याला साहेब म्हणायचो. मी विशीत असताना टोपलीत चिकू घेऊन बसच्या खिडक्यांशी विकायचो, तेव्हापासूनची ओळख. ओळख म्हणजे तो मला हाकलायचा. जाळीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायचा आणि मधेच, त्याच आवाजात, "चिकूवाला, फलाट सोड" असंही पुकारायचा. सगळ्या स्टँडला ऐकू जायचं.

कोणी खिडकीशी येऊन विचारलं, साहेब, ही गाडी बोर्डीला जाते का, तर तो मान वर करायचा नाही. पेन्सिलीने गाडीच्या कपाळाकडे दाखवायचा. "पाटी लावलीय ना? वाचा." ज्याला वाचता येत नसे त्यालाही हेच उत्तर.

एकदा उधव्याच्या गाडीला चुकून बोर्डीची पाटी लागली. बोर्डी समुद्रावर, उधवा डोंगराकडे. अर्धी गाडी बोर्डीची माणसं भरून उधव्याला गेली आणि दुपारी तणतणत परत आली. मी टोपली घेऊन तिथेच होतो. सगळी खिडकीवर चढली. कंट्रोलर शांत.

"पाटी कोणती होती?"

"बोर्डीची."

"मग गाडी बोर्डीचीच होती."

एक म्हातारी पुढे झाली. "अरे मेल्या, बोर्डीला समुद्र असतो. मी डोंगर बघून आले."

"आजी, पाटी बोर्डीची होती," तो म्हणाला आणि त्याने पुढची गाडी पुकारली. त्याला त्या म्हातारीची कीव आली नाही की स्वतःची लाजही वाटली नाही. डोंगर बघून आलेली बाई खोटी आणि पाटी खरी. मी तेव्हा हसलो होतो. त्या वेळी मी पाटीच्या या बाजूला होतो.

रिटायर झाल्यावर त्याने दोन वस्तू घेतल्या, एक पांढरी छोटी गाडी आणि एक मोठा फोन. फोन काचेजवळच्या चिमट्यात बसवला, वर रबर लावलं. त्यातून रस्ता सांगणाऱ्या आवाजाला तो बाई म्हणायचा. बाई म्हणाली डावीकडे, की हा म्हणायचा "हो बाई", आणि मग डावीकडे वळायचा. ज्या माणसाने आयुष्यभर ड्रायव्हरांना इकडे जा, तिकडे जा सांगितलं, तो आता फोनचा ड्रायव्हर झाला होता आणि खूश होता.

डहाणूहून चिखल्याला जायला किनाऱ्याचा रस्ता आहे. चुकायचंच म्हटलं तर समुद्रात जावं लागेल. चिखले त्याचं गाव, तिथे तो जन्मला. तरीसुद्धा बाई लावल्याशिवाय गाडी हलत नसे. एकदा मी शेजारी बसलो होतो. बराच वेळ बाई बोलली नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच, सरळ रस्ता. कंट्रोलर अस्वस्थ झाला. गाडी बाजूला घेतली.

"बाई गप्प आहे. काहीतरी चुकलंय."

"साहेब, ते समोर तुमच्या चुलत भावाचं घर."

"असेल. पण ती बोलली नाही."

चुलत भाऊ ओट्यावरून हात हलवत होता. आम्ही बाई बोलेपर्यंत तिथेच उभे. मला घोलवडला माल बघायला जायचं होतं, चिकूच्या वाडीचा मालक खोळंबला होता. दुसरा कोणी असता तर मी उतरून चालू लागलो असतो. पण गाळ्याचा करार संपत आला होता आणि भाड्याची बोलणी मला त्याच गाडीत करायची होती.

झाईची गोष्ट तर सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. तिथे कोणाकडे तरी साखरपुड्याला निघाला होता. बाईने वळवत वळवत थेट बंदरावर नेलं, मासळी उतरवतात तिथे. पुढे नुसता चिखल आणि ओहोटीला टेकलेल्या होड्या. बाई म्हणाली, सरळ जा. हा गेला. चाकं निम्मी रुतली. मासळी निवडणाऱ्या बायका उठून आल्या.

"काय हो साहेब, गाडी धुवायला आणली का?"

"थांबा जरा," तो म्हणाला. "तिला परत रस्ता काढू द्या."

"ती रस्ता काढेल, पण भरती तुम्हाला काढील."

शेवटी त्या बायकांनी आणि होडीवरच्या माणसांनी दोर लावून गाडी ओढली. बाहेर आल्यावर त्याने कोणाचे आभार मानले नाहीत. मला नंतर म्हणाला, "रस्ता आहे तिथे. त्या लोकांनी होड्या लावून ठेवल्यात."

आता माझं सांगतो. मी शिकलेला नाही, पण चिकू मला कळतो. चिकूच्या सालीवर नखाने हलका ओरखडा काढायचा. खाली हिरवं दिसलं तर फळ कच्चं, झाडावरून उतरवायचं नाही. उतरवलं तर ते पिकत नाही, नुसतं मऊ पडतं, खाणाऱ्याचे ओठ चिकाने चिकटतात. पिवळट दिसलं तर घ्यायचं. मी घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत उभा राहून, मालकांशी भांडून, टोपल्या उलट्या करून माल घेतो. लोक मला खडूस म्हणतात. पण माझ्या दुकानातून नेलेला चिकू घरी जाऊन फसवत नाही, हे बडोद्यापासून वसईपर्यंत लोक एकमेकांना सांगायचे. टोपलीवाल्याने कमावलेली ही एकच गोष्ट होती. दुकान भाड्याचं होतं, नाव माझं होतं.

कंट्रोलरचे तलासरीला दोन गाळे होते, हायवेवरून समुद्राकडे रस्ता फुटतो तिथे. एक मी घेतला. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुट्टीला जाणाऱ्या सगळ्या गाड्या माझ्या समोरून जायच्या. धंदा बसला. मग दोन हजार सोळाच्या सुमारास कंट्रोलरला नवा नाद लागला. नकाशावर जागा टाकायच्या. विहीर दिसली, टाकली. चिंचेचं झाड दिसलं, टाकलं. बसथांबे तर एकूण एक टाकले, फोटोसकट. त्याबद्दल फोन त्याला तारे द्यायचा, शाबासकीची पत्रं पाठवायचा. तो ती भाडं न्यायला आला की मला वाचून दाखवायचा.

एक दिवस म्हणाला, "तुझं दुकान जगात नाही."

"मग दर महिन्याला भाडं कशाचं नेता?"

"चेष्टा नको. हल्ली लोक बाईला विचारून गाडी चालवतात. बाईला तू माहीत नाहीस. टाकतो तुला."

मी म्हटलं, टाका. फुकट होतं, फुकटाला मी नाही म्हणत नाही. त्याने शटरचा फोटो काढला, माझं नाव विचारून घेतलं. पण पत्र्याच्या त्या गाळ्यात रेंज नसायची. तो म्हणाला, घरी जाऊन टाकतो. घरी गेला, चहा घेतला, अंगणात खुर्ची टाकून बसला आणि फोनने विचारलं, दुकान कुठे आहे, तेव्हा "मी आहे तिथे" हे बटण दाबलं. झालं. माझं नाव, माझं शटर, माझे चिकू, आणि जागा त्याचं अंगण.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीला मी रागावतो, पण लिहायला बसत नाही.

मला पत्ता लागला तो एका जुन्या गिऱ्हाइकामुळे. नवसारीचे एक डॉक्टर, दर हंगामाला कुटुंब घेऊन बोर्डीला यायचे, माझ्याकडे थांबल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. त्या वर्षी त्यांची गाडी दिसली. मी दुकानातून बाहेर आलो, हात केला. त्यांनीही काचेतून हात केला, हसले, आणि गाडी न थांबवता पुढे गेले. मागच्या सीटवरून त्यांच्या पत्नीनेही हात केला. मला वाटलं, परत येताना थांबतील.

परत येताना थांबले. डिकीत दोन खोकी.

"शेठ, तुम्ही इकडे कसे?" डॉक्टर म्हणाले.

"मी इकडेच असतो, डॉक्टरसाहेब. कितवं वर्ष तुमचं हे?"

"पण दुकान तिकडे नेलंत ना? जाताना तुम्ही दिसलात, मी म्हटलं कामाला आला असाल. फोन पुढे दाखवत होता. तिथे काकू होत्या, त्यांनी दिले."

मी खोक्यातला एक चिकू घेऊन नख मारलं. हिरवागार. दुसरा, हिरवा. डॉक्टर बघत होते. हे दोन मी पाहिले, न पाहिलेले किती घरांत पोचले असतील. शिकलेला माणूस, मी त्याच्यासमोर उभा राहून हात करतोय, आणि त्याला मी दुकानापासून लांब आलेला दिसलो. मी खोकी ठेवून घेतली, माझा माल भरून दिला, पैसे घेतले नाहीत. मग शटर ओढलं आणि चिखल्याला गेलो.

अंगणात टेबल, टेबलावर चादर, चादरीवर काटा. तीन गाड्या उभ्या. कंट्रोलरची बायको वजन करत होती. गाड्या जाईपर्यंत मी कुंपणाशी दम धरून उभा राहिलो.

"या भाऊ, बसा, पाणी घ्या," ती म्हणाली.

"काकू, हे काय चाललंय?"

"काय सांगू. गाड्या येतात आणि दारात उभ्या राहतात. बरोबर लहान पोरं असतात. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? आपली चार झाडं आहेत, देते."

"माझ्या नावाने?"

"मी नाही हो नाव घेत. तीच माणसं विचारतात, हे त्यांचंच दुकान का. साहेब हो म्हणतात."

साहेब आरामखुर्चीत होते. फोन पोटावर. मी म्हटलं, "साहेब, मी तलासरीला बसतो."

"तू बसतोस तलासरीला. दुकान इथे आहे."

"माल तिथे. शटर तिथे. भाडं तुम्ही तिथलं घेता."

"मी गाळ्याचं भाडं घेतो," तो म्हणाला. "दुकानाचं नाही."

 त्याने फोन माझ्यापुढे धरला. निळा ठिपका, त्यावर माझं नाव. "बघ. सगळं जग बघतंय. तू एकटा नाही म्हणतोस."

"बदला ते."

"बदलू." मग फोन परत पोटावर ठेवून, "पण मी म्हणतो बदलायचं कशाला? गिऱ्हाइकाला सवय झालीय. तूच इकडे ये. ओटा देतो तुला. समुद्राची हवा आहे. भाडं मात्र वेगळं."

माझं स्वतःचं दुकान मला भाड्याने देत होता. आणि हे तो चेष्टेने म्हणत नव्हता. मी एका पैशाची घासाघीस न करता तिथून उठलो, असं आधी कधी झालं नव्हतं.

"रविवारनंतर बदलतो," तो मागून म्हणाला. रविवारनंतरच का, हे मला लगेच कळलं. गाड्या रविवारी येतात.

रविवार गेले. मी डहाणू रोडला एका मोबाइलच्या दुकानात गेलो, तिथल्या माणसाला म्हटलं, हे तू बदल. त्याने खटपट केली, वरून उत्तर आलं, तुमची सूचना मान्य झाली नाही. पुन्हा केली, पुन्हा तेच.

"शेठ, ज्याने जागा टाकली त्याचं वजन मोठं आहे," तो म्हणाला. "त्याने अख्खा तालुका टाकलाय. वरच्यांना तो विश्वासू वाटतो. तुम्ही काल आलेले."

"दुकान माझं आहे."

"ते इथे. तिथे नाही."

तेवढ्यात त्याने मला आणखी एक दाखवलं. माझ्या नावाखाली लोकांनी लिहून ठेवलं होतं. चिकू पिकले नाहीत. फळ घशात चिकटलं. शेठ दुकानात नव्हते, बायको उद्धट नव्हती पण माल वाईट. म्हणजे लोकांनी त्याच्या बायकोला माझी बायको करून टाकलं होतं. घरी माझ्या बायकोला हे वाचून दाखवलं तर ती हसली. मी हसलो नाही.

खरी वाट लागली ती पुढच्या हंगामात. सुरतेचा एक आइस्क्रीमवाला. त्याला चिकू लागायचा सगळा हंगाम, एकाच हाताचा, एकसारखा. मी त्याच्यामागे बराच काळ होतो. नमुने पाठवले, फोन केले, भावावरून भांडलो, भांडण मिटवलं. शेवटी तो म्हणाला, मी स्वतः येऊन दुकान आणि माल बघतो, मग कायमचं ठरवू. हे जमलं असतं तर मी पाच-सहा वाड्यांचा माल आधीच बांधून घेतला असता, माझ्या पोरांना माझ्यासारखं खिडक्यांशी धावावं लागलं नसतं. मला त्याची एवढी गरज होती की मी त्याला चार वेळा सांगितलं. तो हिंदी-गुजराती मिसळून बोलायचा, मी साधं करून लिहितो.

"भाई, फोनवर जाऊ नका. तलासरीला हायवे सोडला की लगेच उजवीकडे पिवळं शटर. मी बाहेर उभा असेन."

"शेठ, या जमान्यात रस्ता कोण विचारतं? लोकेशन आहे माझ्याकडे."

"ते चुकीचं आहे."

"लोकेशन चुकीचं कसं असेल? तुमचंच नाव आहे." आणि हसला.

मी सकाळपासून रस्त्यावर उभा. तीन टोपल्या मांडल्या होत्या, एक आज खायची, एक उद्याची, एक चार दिवसांनी पिकणारी. त्याची गाडी कोणती मला माहीत नव्हती. प्रत्येक गुजरातच्या नंबरला हात करत होतो. काही जणांनी उलट हात केला. फोन लावला तर उचलेना, गाडी चालवताना फोनवर रस्ता लावलेला, वर माझं नाव आलं असेल आणि त्याने बोटाने बाजूला सारलं असेल. दुपार झाली. मग त्याचाच फोन आला.

"माल पाहून आलो शेठ. नाही जमणार."

"कुठे पाहिलात? मी इथे उभा आहे."

"तुमच्या दुकानात. तुमच्या साहेबांनी स्वतः कापून दाखवला. नमुन्याला वेगळा माल पाठवता आणि दुकानात वेगळा ठेवता, असा धंदा आम्ही करत नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटत गेलं, माझं मलाच ऐकू येत होतं. एकाच नावाची दोन दुकानं, एक नकाशावर, एक नकाशाबाहेर. तो म्हणाला, "शेठ, मी विचारलं होतं त्यांना. हेच का ते दुकान. ते हो म्हणाले." आणि फोन ठेवला. पुढे कधी उचलला नाही.

मी तसाच चिखल्याला गेलो. कंट्रोलर जेवून सुपारी कातरत होता.

"तुम्ही त्याला हो म्हणालात?"

"कोणाला?"

"सुरतेच्या माणसाला. तुम्हाला माहीत होतं मी तलासरीला उभा आहे."

"त्याने विचारलं, हे तेच दुकान का. मी विचारलं, बाई काय म्हणते? तो म्हणाला, पोचलात म्हणते. मग मी नाही कसं म्हणू? मी पाहुण्याशी खोटं बोलत नाही."

"आणि कापून दाखवलेत ते चिकू?"

"चिकू म्हणजे चिकू."

मी टेबलावरचा काटा उचलला आणि मागच्या विहिरीत टाकला. त्याची भरपाई मी दिलेली नाही, देणार नाही. कंट्रोलरने विहिरीकडे पाहिलंही नाही. तो फोनवर झाईच्या साखरपुड्याचे फोटो पुढे-मागे करत होता. बायको मात्र पदर तोंडाला लावून आत गेली. तिला कळत होतं. मी म्हणतो त्यालाही कळत होतं. फोनने चुकीचा रस्ता दाखवला तर ते यंत्र आहे, त्याला माणूस ओळखू येत नाही. कंट्रोलरला मी वीस वर्षांहून जास्त काळ ओळखू येत होतो.

मी गाळा सोडला. कर्ज काढून थोडं पुढे स्वतःची जागा घेतली. चावी परत दिली त्या आठवड्यात त्याने शेवटचं काम केलं. नकाशावर माझ्या नावापुढे लिहिलं, कायमचे बंद. मग माझ्या घरी फोन यायला लागले. नवसारीच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला हळू आवाजात विचारलं, "वहिनी, शेठ कधी गेले?" ती म्हणाली, "कुठे गेलेत? इथे बसून शिव्या देतायत." हे दोन हजार एकोणीस. नवं दुकान चालतं, पण जुनी गिऱ्हाइकं निम्मी आली नाहीत. ज्यांच्या घशात तो चीक अडकला ती येणारही नाहीत. आइस्क्रीमवाला दुसरीकडून माल घेतो.

लोक म्हणतात, बोर्ड मोठा लाव. बोर्ड मोठा आहे. लोक म्हणतात, फोनवाल्यांकडे तक्रार कर. त्यांचं दार कुठे आहे ते कोणी दाखवलं तर उद्या जाऊन लाथ मारतो. पण जो हो म्हणाला त्याचं दार मला माहीत आहे, आणि मी त्याच्याशीच बोलतो आहे.

साहेब, मला पैसे नकोत. माफीही नको, ती तुम्ही फोनला विचारून मागाल. तुम्ही तुमच्या गाडीत बसायचं, सुरतेला त्या माणसाच्या कारखान्यात जायचं आणि त्याला सांगायचं की ते चिकू आमच्या झाडांचे होते, याच्या दुकानातले नव्हते, हे मला माहीत होतं आणि तरी मी हो म्हणालो. बाई काय म्हणत होती ते सांगायचं नाही. तुम्ही काय म्हणालात ते सांगायचं. पेट्रोल मी भरतो. शेजारच्या सीटवर मी बसतो, वाटेत एक शब्द बोलणार नाही. तुम्ही कधी निघता, तेवढं मला सांगा.